शब्द कोणाचा, दान कोणाचे?

आमच्या लहानपणी कादंबरी ही उशीखाली लपवण्याची वस्तू होती. घरातल्या काचेच्या कपाटात संतचरित्रे आणि प्रार्थनापुस्तके उजळ माथ्याने उभी असत. फडके आणि खांडेकर मात्र गाद्यांच्या वळकटीत वस्तीला असत. संध्याकाळची जपमाळ आटोपली, वडीलधारी मंडळी निजली, की ती वळकटी उलगडली जाई. पकडले गेलो तर शिक्षा ठरलेली असे, आणि पुढच्या शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी आज्ञाभंगाच्या यादीत एक भर पडे. प्रेमकथा वाचल्याने मन चळते, श्रद्धा पातळ होते, हे आमच्या पिढीला शिकवण्यात आले होते. पुढे आम्ही शिक्षक झालो, रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेऊ लागलो, आणि हाच उपदेश आम्हीही तितक्याच निष्ठेने मुलांना केला.

आज या विषयावर लिहावयास बसलो आहोत, ते तो उपदेश पुन्हा करण्यासाठी नव्हे. गेल्या काही महिन्यांत आमच्या वाचकमंडळात दोन कादंबऱ्यांवर चर्चा झाली. त्या चर्चेत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने उच्चारलेले एक वाक्य आमच्या मनातून जाईना. वयाच्या या टप्प्यावर स्वतःची एक चूक तपासून पाहण्याचे काम त्या वाक्याने आमच्यावर सोपवले. त्या तपासणीत प्रेमकथेचीच मदत झाली, म्हणून हा लेख.

प्रथम थोडे प्रेमकथेच्या बाजूने बोलू. संत इग्नेशिअस लोयोला १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत जखमी होऊन घरी अंथरुणावर पडले होते. वेळ जाईना, म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने त्यांनी तीच वाचली. पण त्यांची दिवास्वप्ने एकदम थांबली नाहीत. एका थोर कुळातील स्त्रीची सेवा करण्याची स्वप्ने आणि संतांप्रमाणे जगण्याची स्वप्ने, दोन्ही आळीपाळीने येत राहिली. पहिली स्वप्ने सरल्यावर मन कोरडे पडते आणि दुसरी सरल्यावरही आनंद मागे रेंगाळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. अंतःप्रेरणा पारखण्याची त्यांची सारी विद्या या एका निरीक्षणातून उगवली. आविलाच्या संत तेरेजांनी तर आत्मचरित्रात कबूलच केले आहे, की आईप्रमाणे आपल्यालाही अशा कथांचे वेड होते आणि वडिलांच्या नकळत आपण त्या वाचत असू. त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला हे खरे. तथापि, ज्या दोन मनांनी तरुणपणी प्रेमकथांची ओढ अनुभवली, त्यांनाच १६२२ साली एकाच दिवशी संतपद घोषित झाले, हेही तितकेच खरे.

मराठी कादंबरीचा धर्माशी संबंध तर तिच्या पाळण्यापासूनचा आहे. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजींनी लिहिली. ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. हिंदू विधवांची दैना सांगण्यासाठी त्यांनी यमुना नावाच्या विवेकी तरुणीची कथा रचली, आणि वैधव्यानंतर तिचा पुनर्विवाह घडवून आणला. त्या काळात हे मोठे धाडस होते. परंतु त्या पुस्तकात धर्म पुष्कळदा बाहेरून बोलतो. पात्रे थांबतात आणि उपदेश सुरू होतो. आमच्या नागपूरच्याच कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ लिहून या सगळ्या वाटचालीचा मागोवा घेतला. त्याच कुसुमावती आणि कवी अनिल यांची विवाहापूर्वीची पत्रे १९७२ साली 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध झाली. कादंबरीची चिकित्सा करणाऱ्या विदुषीच्या स्वतःच्या आयुष्यात एक खरीखुरी, वाट पाहणारी प्रेमकथा होती, याचा आम्हां नागपूरकरांना विशेष जिव्हाळा वाटतो.

असो. कादंबरीतील धर्ममूल्य तिच्या उपदेशात शोधू नये, तिच्या पात्रांना कोणत्या क्षणी निवड करावी लागते तेथे शोधावे, असे आम्हांला आता वाटू लागले आहे. आमच्या मंडळाने निवडलेल्या दोन्ही कादंबऱ्या अशा निवडीच्याच आहेत.

त्यांतील पहिली वि. स. खांडेकरांची 'ययाती'. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने ती घरोघर पोहोचली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापल्या तोंडाने कथा सांगतात. वाचक तिघांच्याही मनात शिरून येतो, म्हणून कोणालाही चटकन दोषी ठरवू शकत नाही. महाभारतातील मूळ कथा बहुतेकांना ठाऊक असेल. शुक्राचार्यांनी आपली कन्या देवयानी ययातीला दिली तेव्हा दासी म्हणून सोबत जाणाऱ्या शर्मिष्ठेला शेजेवर बोलावू नकोस असे बजावले होते. ययातीने तो शब्द मोडला आणि त्याच्यावर अकाली वार्धक्याचा शाप कोसळला. आपल्याकडे ही कथा भोगलालसेची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण नीट पाहिले तर शाप ओढवला तो दिलेला शब्द मोडल्यामुळे. वासनेने फक्त हात धरून त्याला तिथवर नेले.

खांडेकरांनी मूळ कथेत केलेला एक बदल आमच्या मंडळात सर्वांत अधिक चर्चिला गेला. महाभारतात संजीवनी विद्या घेऊन कच देवलोकी परततो आणि ययातीच्या कथेतून दिसेनासा होतो. खांडेकरांनी त्याला परत आणले. ययातीचा मित्र, शर्मिष्ठेचा आधार, आणि देवयानीच्या आयुष्यातील न भरलेली जागा, अशा तिहेरी नात्याने तो सबंध कादंबरीवर पसरलेला आहे. प्रेम करणारा, तरीही स्वतःला आवरणारा असा हा पुरुष खांडेकरांचा आदर्श आहे. मात्र कथा सांगण्याचा अधिकार लेखकाने त्याला दिलेला नाही. ज्याने संयम पाळला तो आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळतो. हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटले. संयमी माणसाने स्वतःची कथा सांगायला घेतली, तर पहिल्या पानावरच अहंकार डोकावण्याचा धोका असतो.

कचाने देवयानीला का नाकारले? महाभारतात तो सांगतो, की मी तुझ्या पित्याच्या उदरातून पुन्हा जन्मलो, म्हणून तू माझी बहीण. पण त्या उत्तरामागे आणखी एक उत्तर उभे आहे. तो तेथे आला होता तो देवांना दिलेला शब्द पाळण्यासाठी. देवयानीच्या मनात प्रीती उमलण्याच्या आधी त्याचे आयुष्य एका कामी वाहिलेले होते. देवयानीला त्याने वचन दिले नव्हते. तिचे दुःख खरे होते. पण त्याच्याकडून तिला येणे असलेले असे काही बुडाले नव्हते.

चर्चा येथवर आली तेव्हा आमची ती विद्यार्थिनी, जी आता स्वतः शिक्षिका आहे आणि जिचे केस पांढरे होऊ लागले आहेत, हळूच म्हणाली, "सर, कचाचं बरं होतं. त्याला कोणाला काही विचारायचं राहिलं नव्हतं."

मंडळातील इतरांना त्या वाक्यात काही विशेष दिसले नाही. आमच्या मात्र अंगावर काटा आला.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका सालस तरुणाशी तिचा वाङ्निश्चय झाला होता. दोन्ही घरे ख्रिस्ती, दोन्ही घरांची संमती, दोघांचे एकमेकांवर मनापासून प्रेम. लग्नाची तारीख तेवढी ठरायची होती. अशात तिची आई अत्यवस्थ झाली. इस्पितळाच्या व्हरांड्यात, एका रात्री, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, या मुलीने मरियामातेला नवस केला : आई वाचली तर मी लग्न करणार नाही, धर्मभगिनी होईन. आई वाचली. घरात आनंदीआनंद झाला आणि ही मुलगी एकटीच पांढरीफटक पडली.

ती आमच्याकडे आली. धर्मगुरूंकडे जाण्याचा तिला संकोच वाटला असावा; आम्ही तिला लहानपणापासून शिकवलेले. सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, "सर, मी काय करू?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "बाळ, देवाला दिलेला शब्द मोडायचा नसतो." आपण किती ठाम, किती श्रद्धापूर्ण उत्तर दिले, याचे आम्हांला समाधानही वाटले होते. हे लिहिताना लाज वाटते, परंतु वाटले होते हे खरे.

तिने लग्न मोडले. त्या तरुणाला एक पत्र लिहिले. त्यात कारण नव्हते, फक्त क्षमायाचना होती. ती धर्मभगिनींच्या मठात दाखल झाली. दोन वर्षांनी तेथील वडीलधाऱ्या भगिनींनीच, अतिशय मायेने, तिला सांगितले की तुझे पाचारण हे नव्हे. तू भीतीने आली आहेस, ओढीने आलेली नाहीस. ती घरी परतली तेव्हा त्या तरुणाचे लग्न झाले होते. तिने पुढे शिक्षिकेची नोकरी धरली, त्याच आईची अखेरपर्यंत सेवा केली, आणि आमच्याविषयी कधी एक कडू शब्द काढला नाही.

आम्ही चुकलो हे आम्हांला अंधुकपणे पूर्वीच कळले होते. पण नेमके कोठे चुकलो, हे मंडळात वाचलेल्या दुसऱ्या कादंबरीने दाखवले. इटालियन लेखक अलेस्सांद्रो मान्झोनी यांची ती कादंबरी. तिच्या नावाचा अर्थ 'वाग्दत्त वधूवर' असा होतो. १८२७ साली तिची पहिली आवृत्ती पूर्ण झाली. ती इटलीत शाळेपासून वाचली जाते. पोप फ्रान्सिस यांनी २७ मे २०१५ रोजी वाङ्निश्चयाविषयी बोलताना तरुण जोडप्यांनी ही कादंबरी वाचावी, अशी शिफारस केली होती.

कथा साधी आहे. १६२८ ते १६३० चा काळ, लोम्बार्डी प्रांत, स्पॅनिश राजवट. रेशीम विणणारा रेन्झो आणि त्याची वाग्दत्त वधू ल्युचिया यांचे उद्या लग्न व्हायचे आहे. पण गावच्या गुंड सरदाराची ल्युचियावर नजर आहे. त्याच्या हस्तकांनी दम देताच गावचे भित्रे धर्मगुरू लग्न लावण्याचे टाळतात. दोघांची ताटातूट होते. पुढे दुष्काळ, दंगल, अपहरण, आणि शेवटी मिलानची भीषण प्लेग. या कादंबरीत भ्याड पाद्री आहे, तसेच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत झिजणारे कापुचिन मठवासी फ्रा क्रिस्तोफोरो आहेत, आणि कार्डिनल फेदेरिगो बोरोमिओही आहेत. हे कार्डिनल इतिहासातील खरे पुरुष. संत चार्ल्स बोरोमिओ यांचे ते चुलतभाऊ. आमच्या नागपुरात ज्या सेमिनरीमुळे 'सेमिनरी हिल्स' हे नाव रूढ झाले, ती संत चार्ल्स यांच्याच नावाची. त्यामुळे वाचताना मिलान काही आम्हांला परके वाटले नाही.

आमच्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे. ल्युचियाला पळवून एका गडावर कोंडले जाते. त्या भयाण रात्री ती हाती जपमाळ घेऊन मरियामातेला नवस करते : मला यातून सुखरूप सोडव, मी आजन्म कुमारी राहीन, रेन्झोवरचा हक्क सोडते. ती सुटते. नवस फळाला येतो. नंतर कितीतरी दिवसांनी प्लेगच्या छावणीत रेन्झो तिला शोधून काढतो, तेव्हा ती म्हणते, की आता मला विसर. मी देवाला शब्द दिला आहे.

रेन्झो फ्रा क्रिस्तोफोरोंना घेऊन येतो. ते स्वतः मरणपंथाला लागलेले आहेत. ते तिच्यावर रागावत नाहीत, नवसाची थट्टाही करीत नाहीत. ते तिला एक प्रश्न विचारतात, ज्याचा आशय असा : हा नवस करताना तू आधीच दुसऱ्या एका शब्दाने बांधलेली होतीस, याचा विचार तू केला होतास काय? आणि मग समजावतात, की आपले जे असेल ते आपण देवाला अर्पण करावे, त्याला ते प्रिय आहे; पण ज्याला तू आधीच शब्द दिलास, त्याची इच्छा तू परस्पर कशी अर्पण करशील? त्यानंतरही ते थांबतात. नवसाशिवाय मागे फिरण्याचे दुसरे काही कारण तुझ्या मनात आहे का, हे तिला विचारतात. तुला मोकळे व्हायचे आहे का, हेही विचारतात. तिचे उत्तर मिळाल्यावरच ख्रिस्तसभेने दिलेल्या अधिकाराने ते तिला नवसातून मुक्त करतात.

ही पाने वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्या वृद्ध मठवाशाने जे दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांतील एकही आम्ही विचारला नव्हता.

येथे कोणी म्हणेल, की ही कादंबरीकाराची भावुकता झाली. देव मोठा की माणूस मोठा? आम्हीही तेव्हा असाच हिशेब मांडला होता. पण शास्त्र काय सांगते? शुभवर्तमानात, संत मार्कच्या सातव्या अध्यायात, प्रभू येशू शास्त्री-परुश्यांना याच बाबतीत कठोर शब्द सुनावतो. आईवडिलांना जे द्यावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे एकदा म्हटले की पुत्र जबाबदारीतून सुटला, अशी त्यांची पळवाट होती. एकाचे देणे बुडवून त्याच पैशाने देवाला दान करणे प्रभूला मान्य नव्हते. जुन्या करारात शास्त्यांच्या पुस्तकातील इफ्ताहाची कहाणी त्याहून भयंकर आहे. युद्धात जय मिळाला तर घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन, असा नवस तो करतो, आणि सामोरी येते ती त्याची एकुलती एक लेक. शब्द इफ्ताहाचा होता. आयुष्य मात्र तिचे होते. याउलट हन्नेचा नवस पाहा. मूल झाले तर ते देवाला वाहीन, असे तिने म्हटले. आणि शमुवेल जन्मल्यावर त्याला मंदिरात केव्हा न्यावे ही गोष्ट ती पती एलकानापुढे मांडते. तुला बरे दिसेल तसे कर, असे तो म्हणतो. त्या एका संमतीने तो नवस घराचा झाला.

ख्रिस्तसभेचा कायदाही भावुक नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार नवस म्हणजे विचारपूर्वक आणि स्वतंत्रपणे देवाला दिलेले, शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीचे वचन. तो पाळावयाचा असतो. पण खाजगी नवसातून योग्य कारणासाठी मुक्त करण्याचा अधिकार साध्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनाही दिलेला आहे. अट एवढीच, की त्यामुळे तिसऱ्या कोणाच्या हक्काला बाधा येऊ नये. म्हणजे कायद्याला त्या तिसऱ्या माणसाची आठवण आहे. आम्हांला नव्हती. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर धर्मगुरू राहत होते. तिला तेथवर सोबत घेऊन जाणे, एवढेच आमचे कर्तव्य होते. आम्ही स्वतःच निवाडा देऊन बसलो.

सदरमधील आमचे महामंदिर ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच होते. १८४६ साली विशाखापट्टणमला उतरलेल्या फ्रान्सालियन मिशनऱ्यांनी त्यांचे नाव मध्य भारतात आणले, आणि १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी फिलोथिया या नावाने एका संसारी जिवाला उद्देशून लिहिले आहे. भक्ती केवळ मठाची नाही. सैनिकाची, कारागिराची, विवाहितेची भक्ती आपापल्या जागी तितकीच खरी, हा त्यातला आग्रह. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी त्यांच्यासाठी एक स्थळ ठरवले होते. त्यांनी ते नाकारले. पण त्या मुलीला शब्द त्यांनी दिला नव्हता. आणि विधवा जान द शांताल त्यांच्याकडे आल्या तेव्हा आधीच्या मार्गदर्शकाने त्यांना काही नवसांत जखडून टाकलेले होते : त्याचीच आज्ञा पाळायची, त्याला सोडायचे नाही, दुसऱ्या कोणापाशी मन उघडायचे नाही. या नवसांनी तुमच्या अंतःकरणाची शांती नष्ट करण्याखेरीज काही साधले नाही, असे सांगून संत फ्रान्सिस यांनी त्यांना मोकळे केले. पुढे त्याही संत झाल्या. नवस मोडल्याने त्यांचे संतपण आडले नाही.

मग प्रीतीने नवसापुढे नमावे केव्हा, आणि नवसाने प्रीतीपुढे नमावे केव्हा? दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे उत्तर सापडते. कचाने प्रीती बाजूस ठेवली आणि तो उजळून निघाला. ल्युचियाने नवस बाजूस ठेवला आणि तीही उजळून निघाली. देव आणि माणूस यांच्यात कोण मोठा, हा प्रश्न येथे नव्हताच. मी जे देऊ पाहतो ते आज माझे एकट्याचे आहे काय, हा प्रश्न होता. कचाचे आयुष्य त्याच्या कार्याला आधीच वाहिलेले होते. ल्युचियाचे आयुष्य रेन्झोला. ज्याला जे आधी दिले, त्याचे ते राखण्यातच दोघांची देवनिष्ठा होती. वाङ्निश्चय म्हणजे अद्याप विवाहसंस्कार नव्हे, तो मोडता येतो, हे आम्ही जाणतो. ज्याला खरोखर पाचारण आले आहे त्याने तसे समोर बसून सांगावे. दुसऱ्याने रडावे, भांडावे, आणि मग कदाचित मोकळे करावे. पण त्याला कळवल्याविना, भीतीच्या एका रात्रीत, त्याचा वाटा परस्पर देऊन टाकणे ही गोष्ट निराळी.

याच ययातीच्या कथेवर गिरीश कार्नाडांनी १९६१ साली कन्नडमध्ये नाटक लिहिले. महाभारतातील पुरू आपले तारुण्य पित्याला देतो आणि आपण त्याच्या त्यागाला नमस्कार करतो. कार्नाडांनी पुरूच्या बाजूला त्याची नववधू चित्रलेखा उभी केली. पतीने दिलेल्या त्या तारुण्यात आपलाही वाटा होता, याचे भान ठेवायला तेथे कोणीच तयार नसते, आणि ती प्राण देते. एवढ्या थोर त्यागाच्या कथेत शतकानुशतके कोणाला जी दिसली नव्हती, ती जागा एका तरुण नाटककाराला दिसली. रेल्वेतला तो तरुणही आम्हांला तेव्हा दिसला नव्हता.

तिच्या नवसात मात्र आम्ही आजही खोट काढणार नाही. आईच्या प्राणांसाठी आपले सर्वांत प्रिय ते देऊ करणारी ती मुलगी देवाला प्रियच झाली असेल. आमचा देव भाव करणारा सावकार नव्हे. आईला वाचवण्याची किंमत म्हणून त्याने त्या तरुणाचे सुख मागितले असेल, असे आम्हांला वाटत नाही. खोट होती ती आमच्या उत्तरात, आणि त्या उत्तराच्या घाईत.

मंडळाची ती बैठक संपल्यावर आम्ही तिला थांबवले. इतक्या वर्षांनी प्रथमच क्षमा मागितली. ती हसली. म्हणाली, "सर, माझं आयुष्य वाया गेलं असं मला वाटत नाही. आईची सेवा झाली, पोरींना शिकवलं. एवढंच राहून गेलं की मी त्याला विचारलं नाही. मी विचारलं असतं, तर कदाचित तोच म्हणाला असता, जा म्हणून. मग मी मोकळ्या मनानं गेले असते."

यावर आमच्यापाशी शब्द नव्हते.

कादंबऱ्या उशीखालून काढून कपाटात ठेवाव्यात, असे आम्ही आता घराघरांत सांगतो. सगळ्याच नव्हेत. संत इग्नेशिअस यांची कसोटी तेथेही लावावी : पुस्तक मिटल्यावर मन कोरडे पडते, की कोणाची तरी आठवण येऊन हलके ओले होते, ते पाहावे. 'ययाती' मिटल्यावर आपल्या मोडलेल्या शब्दांची आठवण येते. मान्झोनी मिटल्यावर, ज्यांना आपण विचारलेच नाही, त्यांची आठवण येते. लग्नाआधीच्या तयारीच्या वर्गांत आपण तरुणांना संस्काराचे नियम शिकवतो, ते शिकवावेच. त्यांच्या हाती अशी एखादी प्रेमकथाही द्यावी. नियम ठाऊक असूनही आम्हांला जे दिसले नाही, ते कदाचित त्यांना वेळीच दिसेल.

आणि उद्या कोणी मुलगा किंवा मुलगी घाबऱ्या डोळ्यांनी आपल्या दारी येऊन म्हणाली, "मी देवाला शब्द दिला आहे," तर आपण लगेच उत्तर देऊ नये. आधी तिला बसवावे, पाणी द्यावे, आणि मग मायेने विचारावे, "बाळ, त्याच्या आधी तू आणखी कोणाला शब्द दिला होतास का?"